सोनलबाईंचा राजीनामा

सोनलने राजीनामा दिला तो सोमवारी, परिपाठ संपल्यावर. मुलं रांगेने वर्गात शिरत होती. तिने एक कागद शिवदास गुरुजींच्या टेबलावर ठेवला, पुढे पाठवायला सांगितलं आणि तिसरी-चौथीच्या वर्गात गेली. गुरुजींनी चष्मा चढवून वाचला. वैयक्तिक कारणास्तव, असं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

टेंभवाडीची शाळा काशीदच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आहे. पहिली ते पाचवी, एकतीस मुलं, दोन शिक्षक. गुरुजी मुख्याध्यापक, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. सोनल घरत पेणकडची, आगऱ्यांची. मिठागरं गेल्यावर तिचे भाऊ ट्रेलरच्या धंद्यात पडले, ती शिकली. त्या घरात सरकारी नोकरी लागलेली ती पहिली. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं काढली, कायम झाली, आणि आता हे.

गुरुजी तिच्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. बाकी सगळ्यांशी मात्र बोलले. चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, घरी बायकोसमोर त्यांचं एकच चालू होतं: या पोरांना दम नाही, डोंगरातली शाळा नको, शहर पाहिजे, चार मुलांना वाऱ्यावर सोडून जायला यांना काही वाटत नाही. बायकोने एकदा विचारलं, ती गेली कशामुळे ते तरी विचारलंत का. गुरुजी ताटावरून उठले.

फेब्रुवारीत सोनल गेली. मुली तिच्या दुपट्ट्याला धरून वाडीच्या वळणापर्यंत गेल्या. गुरुजी ऑफिसात बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पाच वर्ग आणि ते एकटे. त्यांना वाटलं होतं, बत्तीस वर्षं शिकवलंय, त्यात काय. पण शिकवायला मिळेना. साडेदहाला फळ्यावर तारीख घालावी तर फोन वाजे. ॲपवर हजेरी भरा. खिचडी किती मुलांनी खाल्ली ते भरा. बूट वाटल्याचा फोटो टाका, पण त्यात मुलांचे चेहरे आणि बूट दोन्ही दिसले पाहिजेत. हात धुण्याच्या दिवसाचा फोटो, झाड लावल्याचा फोटो, त्याच झाडाचा तीन महिन्यांनंतरचा फोटो. मतदारयादीचं काम. कुठल्याशा सर्वेक्षणात घरटी शौचालयं मोजायची. प्रत्येक संदेशाच्या वर 'अत्यंत तातडीचे'. टेंभवाडीत रेंज यायची ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून गुरुजी टाकीखाली फोन वर धरून उभे, आणि वर्गात पोरं एकमेकांच्या उरावर.

एवढं सगळं आजवर कोण करत होतं, हा प्रश्न त्यांना आठवड्याभराने पडला. सोनल करत होती. घरी नेऊन, संध्याकाळी, रविवारी. त्यांनी फक्त कधी तिला विचारलं नव्हतं.

हे कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. एवढं निभावत होती तर मग गेली कशाला? एका रविवारी त्यांनी मोटरसायकल काढली आणि थेट नागाव गाठलं. सोनल तिथे आत्याच्या होमस्टेमध्ये काम करते असं ऐकलं होतं. सरकारी शाळेतली शिक्षिका मुंबईच्या पाहुण्यांच्या चादरी घड्या करणार. रस्ताभर ते मनात वाक्यं जुळवत होते.

ती खरंच चादरी घड्या करत होती, नारळाच्या बागेत, दोरीजवळ. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी आणलं. गुरुजींनी पाण्याला हात लावला नाही. जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. मुलांचं नाव घेतलं, एकेकाचं. मधू अजून हातच्याची वजाबाकी चुकतो. हेतल वाचताना अडली की दाराकडे बघते. ती ऐकत राहिली. हातातली चादर तेवढी पुन्हा पुन्हा चापत होती.

"केसर कशी आहे?" तिने विचारलं.

केसर चौथीतली, कातकरवाडीतली. दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीवर निघाले, तिलाही घेऊन. सकाळी अकराला कुणीतरी शाळेत येऊन सांगितलं की टेम्पो भरतोय. सोनल गुरुजींच्या टेबलापाशी आली. जाऊ का म्हणाली. गुरुजी म्हणाले, जा, मी बघतो वर्ग. ती धावत गेली, टेम्पोसमोर उभी राहिली, केसरच्या बापाशी तासभर भांडली आणि पोरीला तिच्या आजीच्या ताब्यात ठेवून परत आली. तोवर गटशिक्षणाधिकारी साहेब शाळेला भेट देऊन गेले होते.

हे गुरुजींना सगळं माहीत होतं. पुढचंही माहीत होतं. साहेबांनी त्यांना विचारलं होतं, तुम्ही परवानगी दिलीत का? दिली असेल तर नोटीस दोघांनाही निघेल. गुरुजींच्या डोळ्यांसमोर पेन्शनचे कागद आले. त्यांनी लिहून दिलं की सदर शिक्षिका मला न सांगता शाळा सोडून गेल्या, आणि खाली सही केली. त्यावरून सोनलच्या सेवापुस्तकात शेरा पडला, आणि पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत साहेबांनी तो कागद चाळीस शिक्षकांपुढे वाचला. सोनलला उभं केलं होतं. कुणीतरी मागे हसलं. गुरुजी दुसऱ्या रांगेत होते आणि खाली बघत होते.

"बरी आहे," ते म्हणाले. "येते रोज."

"मग झालं."

"तू माझ्याशी भांडायचं होतंस. त्याच दिवशी."

"मी वाट बघितली गुरुजी. दोन महिने बघितली. रोज वाटायचं, आज तुम्ही काहीतरी बोलाल." तिने हातातली चादर खाली ठेवली. "ॲपचं काम मी आयुष्यभर केलं असतं. डोंगर चढले असते. पण पोरीला आणायला गेले म्हणून मला कामचुकार ठरवलं, आणि तुम्ही समोर बसून होता. त्या शाळेत मी परत कुणासाठी पळणार होते? पुढच्या वेळी मीही खुर्चीत बसून राहिले असते. तशी बाई व्हायचं नव्हतं मला."

गुरुजींनी खुर्ची मागे सारली. ते उठले. परतताना रेवदंड्याच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवली आणि कठड्याला धरून उभे राहिले. इतके दिवस ज्या रागाला ते सोनलचं नाव देत होते, तो आता कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. साहेबांवर होता, फोनवर होता, त्या चाळीस जणांवर होता. पण फिरून फिरून तो स्वतःच्या उजव्या हाताशीच येत होता.

पुढची शिक्षण परिषद महिनाअखेरीस झाली. विषय होता गुणवत्ता. साहेबांनी पडद्यावर तक्ते दाखवले, आणि बोलता बोलता म्हणाले की नवीन शिक्षकांमध्ये निष्ठा नाही, टेंभवाडीच्या बाईंचंच बघा. इथे गुरुजी उभे राहिले.

"साहेब, तो अहवाल खोटा होता," ते म्हणाले. "बाई मला विचारून गेल्या होत्या. मीच जा म्हणालो. मी घाबरून खोटं लिहून दिलं."

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, नंतर बोलू म्हणाले. गुरुजी बसले नाहीत. त्यांचा आवाज थरथरत होता आणि तो थरथरतोय याचाही त्यांना संताप येत होता. त्यांनी सांगितलं की ती पोरगी आज शाळेत आहे ती बाईंमुळे. बाई आज शाळेत नाहीत, त्या माझ्यामुळे आणि तुमच्यामुळे. नंतर मागे वळून म्हणाले, "आणि त्या दिवशी तुमच्यातलं जे कोण हसलं, त्यानेही घरी जाऊन आरशात बघावं." त्यांनी लेखी जबाब टेबलावर ठेवला, पोच मागितली, ती मिळेपर्यंत जागचे हलले नाहीत.

बाहेर चहाला कुणी त्यांच्याजवळ उभं राहिलं नाही. फक्त निकेत नावाचा बोर्ली पंचतनकडून बदलून आलेला तरुण शिक्षक आला. मग हळूच म्हणाला की त्याचाही राजीनामा लिहून तयार आहे, महिनाभर बॅगेत घेऊन फिरतोय. राहू की जाऊ?

सहा महिन्यांपूर्वी गुरुजींनी त्याला तासभर ऐकवलं असतं. आता ते म्हणाले, "मला नको विचारू. मी राहिलो, पण राहून काय केलं ते तू आत्ताच ऐकलंस. वर्गात शिरल्यावर तुला बरं वाटतं का, तेवढं बघ."

निकेत म्हणाला, वर्गात बरं वाटतं. वर्गाबाहेरच वाटत नाही.

गुरुजींवर नोटीस निघाली. चौकशी झाली, आणि खोटा अहवाल दिल्याबद्दल त्यांची एक वेतनवाढ रोखली. सोनलच्या सेवापुस्तकातला शेरा काढल्याचं पत्रही आलं, पण तिचा राजीनामा मंजूर होऊन गेला होता. गुरुजींनी त्या पत्राची नक्कल तिला पोस्टाने पाठवली. आठ दिवसांनी तिचा फोन आला, ते टाकीजवळ उभे असताना.

ती म्हणाली, पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. गुरुजींनी भरतीची जाहिरात येणार असल्याचं सांगितलं. तिने मध्येच थांबवलं.

"मी नाही येणार गुरुजी. तुम्ही केलंत ते बरं केलंत. पण उशीर केलात."

त्यांनी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही. चीड होती तशीच होती, आणि ती चीड जाऊ नये असंच त्यांना वाटलं. वर्गातून कालवा ऐकू येत होता. फोन पुन्हा थरथरायला लागला, कसल्यातरी माहितीची आजची शेवटची तारीख होती. गुरुजींनी तो बंद केला, खिशात टाकला आणि वर्गात गेले. केसर फळ्यापाशी उभी राहून पहिलीच्या पोरांना दमात घेत होती.