गणाचा बिट

आमची नागलक्ष्मी आत्या कुंभकोणमात बसून अख्ख्या तंजावरी मराठी लोकांची लग्नं जुळवते. लोक मूठभर, त्यातले निम्मे एकमेकांचे नातलग, तरी बाईंचा हट्ट काय, तर पत्रिकेतले दहाही पोरुत्तम, म्हणजे तमिळ पद्धतीचे गुण, जुळलेच पाहिजेत. नऊ जुळले की स्थळ मोडलंच समजा.

तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला मी आणि प्रद्युम्नानं. हा तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांचे कॉम्प्युटर सांभाळतो. प्रत्येक जोडीचे दहा बिट: जुळलं तर एक, नाही तर शून्य. दहाही एक असले तरच पडद्यावर हिरवा दिवा. लिहिता लिहिता मी त्याच्यावर पार भाळले, पण त्याच्या मनातलं देव जाणे.

एकदा आत्या म्हणाली, "वेदवती, घोडनवरी झालीस. शुक्रवारी तुझी नि प्रद्युम्नाचीच जोडी बघते."

मी गुपचूप आधीच बघितलं, तर नऊ! तो देवगण, मी राक्षसगण. मग काय, गणाच्या बिटावर एक्सऑर चालवला. एक्सऑर म्हणजे पालटणं: शून्याचा एक, एकाचा शून्य. हिरवा दिवा लागला आणि मी खोलीभर नाचले. तव्यावरचा डोसा जळला तो जळलाच.

शुक्रवारी प्रद्युम्न नवा शर्ट घालून आला. आत्यानं बटण दाबलं. लाल.

"असं कसं," माझ्या तोंडून निसटलं, "गणाचा बिट मी पालटला होता."

प्रद्युम्नाचा चेहरा पडला. "मीही. आज सकाळी, न बघताच. तुझा राक्षसगण सगळ्यांना ठाऊक आहे."

सरळ 'एक कर' लिहायचं सोडून आम्ही दीडशहाण्यांनी 'पालट' लिहिलं होतं. मी केलेल्या एकाचा त्यानं पुन्हा शून्य केला. स्थळ मोडलं होतं आणि मला हसू आवरेना, कारण त्यालाही मी हवी होते. तोही हसायला लागला.

आत्यानं चष्मा काढून दोघांकडे पाहिलं. "म्हणजे एकमेकांना न विचारता दोघांनी एकच लबाडी केलीत?"

"हो, आत्या."

"इतकी जुळलेली जोडी मी जन्मात पाहिली नाही. ते पालटायचं बटण कुठलं?"

मी दाखवलं. तिनं स्वतः दाबलं, दिवा हिरवा झाला.

"आता परत कोणी हात लावाल," ती म्हणाली, "तर गाठ माझ्याशी आहे."