आपोआप वाचणारी मुलं

किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत एक शाळा होती. शाळा म्हणजे काय, तर आठ मुलं, दोन मोठी माणसं, गुडघ्याएवढी टेबलं आणि खालून दिवसभर ऐकू येणारी कानशीची करकर. घंटा नाही, गणवेश नाही, परीक्षा नाही. चौकशीला येणारे लोक आधी किल्लीवाल्यालाच गाठायचे, आणि तो वर बोट दाखवून म्हणायचा की वर मुलांना काही शिकवत नाहीत, त्याचीच फी घेतात. विनोद केव्हाच शिळा झाला होता, पण तो सोडायला तयार नव्हता.

शाळा काढली होती मावशीने. मावशी म्हणजे मुलांची मावशी. त्याआधी सतरा वर्षं ती एका मोठ्या शाळेत पहिली-दुसरीची बाई होती. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आणि त्यातली निम्मी पुस्तक उघडताच रडकुंडीला येणारी. एकदा एका मुलीला तिने वाचायला उभं केलं, तर ती पोर उभ्या जागी ओली झाली आणि सगळा वर्ग खो खो हसला. त्या वर्षाअखेर मावशीने नोकरीला रामराम ठोकला. तिच्या मताची आणखी माणसं तिला मिळाली: एक दातांची डॉक्टर, एक बेकरीवाला आणि त्याची बायको, आणि चित्रकलेचा एक मास्तर, ज्याला सगळे दादा म्हणत. महिनाभर वाद घालून त्यांनी एकच नियम केला आणि दादाने तो भिंतीवर रंगवला. मुलाने स्वतःहून मागितल्याशिवाय त्याला वाचायला शिकवायचं नाही. शाळेत नाही, घरीही नाही. पुस्तकं पसरून ठेवायची, आपण वाचून दाखवायचं, बस. मूल चालायला शिकतं तसं वाचायलाही शिकतं, असं मावशीचं म्हणणं होतं, आणि ती म्हणायला लागली की समोरच्याला पटायचंच.

आणि तसं झालंही. तीन वर्षांत आठपैकी सहा मुलं वाचायला लागली, तीही न मागता, न शिकवता. दर महिन्याला नवे आईबाप शाळा बघायला यायचे, तेव्हा मावशी त्या सहांकडे नुसता हात करायची. आठवं मूल पाच वर्षांचं, त्याचा प्रश्नच नव्हता. उरली सातवी, ती मावशीची स्वतःची मुलगी.

तिला सगळे भिंगरी म्हणत. नऊ वर्षांची. झाडावर चढण्यात, गोष्टी रचण्यात आणि किल्लीवाल्याची नक्कल करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण दुकानाची पाटी वाच म्हटलं तर ती पाटीचा रंग सांगायची. मावशीचा नवरा वेल्डिंगची कामं करायचा. हिचं कधी, असं त्याने एकदाच विचारलं होतं. त्यावर मावशीने त्याला पाऊण तास समजावून सांगितलं आणि त्याने कानाला खडा लावला. तिची वेळ अजून आलेली नाही, असं मावशी सगळ्यांना हसत सांगे. पण भिंगरी चित्रं तेवढी बघून पुस्तक मिटताना दिसली की तिचं हे हसू मावळायचं.

एका बुधवारी डॉक्टरीणबाईचा मुलगा खिडकीशी पुस्तक घेऊन बसला होता. त्याने इकडेतिकडे बघून खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, मधोमध बोटभर लांब चौकोन कापलेला. तो ओळीवर ठेवून, एकेक शब्द उघडा करत तो वाचत होता. मावशी जागच्या जागी उभी राहिली. असा पुठ्ठा कापून देणारी एकच बाई तिच्या माहितीत होती. त्या म्हणजे मोठ्या बाई. जुन्या शाळेत शेजारचा वर्ग त्यांचा. मावशी नवखी असताना फळ्यावर सरळ ओळीत लिहायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती.

हे कुठून आणलंस, असं तिने विचारलं. मुलगा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता, त्याला या शाळेत तशी गरजच पडली नव्हती.

"मोठ्या बाईंनी दिलं. सगळ्यांना दिलंय," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावून म्हणाला, "तुम्हाला सांगायचं नव्हतं."

सगळ्यांना म्हणजे सहाही जणांना. मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर. दीड वर्षापासून.

शाळा सुटल्यावर मावशीने भिंगरीला दादापाशी ठेवलं आणि ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई दोन पेशंटच्या मधे हात धूत होती. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मावशी पेशंटच्याच खुर्चीवर बसली, आणि त्या खुर्चीत कितीही ताठ बसलं तरी माणूस मागे कलंडतोच. वर तो दिवा. भांडायला आलेल्या बाईची याहून वाईट सोय झाली नसती.

डॉक्टरीणबाईने काहीही नाकारलं नाही. आधी बेकरीवाल्याने मुलीला नेलं, मग त्याच्या बायकोने हळूच डॉक्टरीणबाईला सांगितलं, मग एकेक करत सगळेच. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कोणीतरी मावशीशी बोलेल. दादालाही माहीत होतं, कारण त्याची भाचीही जायची. तीन वर्षं एका टेबलाभोवती बसून चहा पिणारी माणसं मूग गिळून बसली होती.

"विश्वास नव्हता तर माझ्या तोंडावर सांगायचं," मावशी म्हणाली. "शाळा कशाला काढलीत?"

"विश्वास होता गं." डॉक्टरीणबाईने हात पुसले, मग पुन्हा पुसले. "पहिलं दीड वर्ष होता. मग आम्ही तुझ्या भिंगरीकडे बघायला लागलो. आणि घाबरलो."

मावशीला चिडायचं होतं. ती घरातून शाळेत येताना चिडू शकायची, नवऱ्यावर, किल्लीवाल्यावर, एवढ्याशा कारणावरून. आता हवा होता तेव्हा राग आला नाही. बाहेर पुढचा पेशंट गाल धरून बसला होता, त्याच्या समोरून ती निघाली, आणि रस्त्यावर आल्यावर तिला सगळं एकदम स्वच्छ दिसलं. इतक्या घरांनी मिळून एक प्रयोग केला होता, आणि तो खरोखर झाला होता एकाच मुलीवर. बाकीच्यांनी आपापली मुलं वेळेवर काढून घेतली होती. मावशीला हात धरून थांबवणारं कोणी नव्हतं, कारण थांबवायला येईल त्याला ती पाऊण तास समजावून सांगायची.

मोठ्या बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. त्यांनी दार उघडलं आणि आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. मी कोणाला बोलवायला गेले नव्हते, त्या म्हणाल्या. आईबाप मुलांना घेऊन आले, मी शिकवलं, मला दुसरं काय येतं. मावशी जायला निघाली तेव्हा त्यांनी तिला दारातच थांबवलं.

"तुझीही आली होती. एकदाच, बाकीच्यांच्या मागून. इथे उंबरठ्यापाशी उभी राहिली. आत ये बाळ म्हटलं, तर म्हणाली, नको, मी नाही येणार. आणि जिना उतरून गेली."

"कधी?"

"वर्ष झालं असेल. मला वाटलं, तुला सांगेल."

मावशी शाळेत परतली तेव्हा खालचं दुकान बंद होत आलं होतं. वर दादा आणि भिंगरी चिकटकाम करत होते. दादाने तिचा चेहरा बघितला आणि त्याला अचानक ब्रश धुवायची आठवण झाली. स्वच्छच होते ते, पण तो घेऊन गेला.

मावशी बुटक्या टेबलाशी मुलीसमोर बसली. मोठ्या बाईंकडे गेली होतीस का, म्हणून विचारलं. भिंगरी बोटावरचा वाळलेला डिंक सोलत होती.

"गेले होते. मग परत आले."

"का?"

"सगळे जातात, मला आधीपासून माहीत होतं. ते मला चल म्हणायचे." डिंकाची एक लांब साल निघाली, ती तिने टेबलाला पुसली. "पण तू पाहुण्यांना सांगतेस ना, आमच्याकडे कोणी शिकवत नाही म्हणून. मग कोणीतरी एक तरी खरं पाहिजे ना, आई. नाहीतर तू खोटारडी ठरली असतीस."

मोठ्या माणसासाठी एकाही मुलाने पुस्तकासमोर भिऊन उभं राहू नये, म्हणून तिने सतरा वर्षांची नोकरी सोडली होती. आणि तिची स्वतःची पोर, आईची लाज राखायची म्हणून, एक वर्ष पुस्तकापासून लांब उभी होती. कुणाला कळू न देता, झाडांवर चढत, नकला करत. मावशीला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने एक कोरा कागद ओढला आणि मोठी मोठी पाच अक्षरं काढली. भिंगरीने भिंतीवरच्या नियमाकडे बघितलं, मग आईकडे. वाचता येत नसलं तरी तिथे काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. मावशीने अक्षरांवर बोट ठेवून नावं सांगितली. मुलीने कान देऊन ऐकलं, म्हणून दाखवलं. मावशीने खालच्या ओळीत तीच अक्षरं उलटसुलट क्रमाने लिहिली, तर ती त्यांच्याकडे अशी बघू लागली की जणू कधी भेटलीच नव्हती. पुन्हा सांगितलं, पुन्हा गेलं. एका अक्षराला ती दुसऱ्याचं नाव देई, दुसऱ्याला पहिल्याचं, आणि मग रागाने स्वतःच्याच मांडीवर चापट मारी.

दहा मिनिटांत मावशीला कळलं. अशी दोन-तीन मुलं दर वर्षी तिच्या वर्गात असत. हुशार, बोलकी, आणि अक्षर मात्र डोळ्यांसमोर ठरत नाही. ही मुलं आपोआप वाचायला लागत नाहीत, त्यांना रोज थोडं थोडं, निराळ्या पद्धतीने आणि लवकर शिकवावं लागतं. अठ्ठेचाळीस मुलांच्या त्या वर्गात तिने हे महिन्याभरात ओळखलं असतं. आठ मुलांच्या स्वतःच्या शाळेत तिने तीन वर्षं एकदाही मुलीसमोर कागद ठेवून पाहिला नव्हता.

"मी ढ आहे का?" भिंगरीने विचारलं.

"नाही. तुला हे शिकवावं लागतं, आणि मी शिकवलं नाही. चूक माझी आहे." मावशीने कागद दोघींच्या मधे सरकवला. "आता रोज बसायचं. मोठ्या बाईंनाही विचारू, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. वेळ लागेल, पण येईल."

भिंगरी रडली नाही, पण खालचा ओठ तिने दातांत धरला होता.

"पण मीपण शिकायला लागले, तर आपली शाळा खोटी होईल."

"होऊ दे," मावशी म्हणाली, आणि पहिलं अक्षर पुन्हा काढलं, आधीपेक्षा मोठं.