फुलं नसलेल्या वर्षीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला कुणी शोभेची वस्तू म्हटलेलं खपत नाही. मी देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. मी गाईच्या गळ्यातली घंटा आहे, चांगली बादलीएवढी. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहराच्या वरच्या अंगाला, जिथे घरं संपून डोंगर सुरू होतो, तिथे बुर्गीबाईंचं पाहुणघर आहे. त्याच्या जिन्यापाशी एका खुंटीला मी टांगलेली असते. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा मला टिचकी मारून बघतो. एकाने तर बर्फावर घसरायच्या काठीने मला ठोकलं आणि वर हसलाही. तुमच्या आजोबांच्या डोक्यावर कुणी अशी टिचकी मारलेली चालेल का तुम्हाला?

माझा जन्म शेजारच्या खोऱ्यातल्या एका लोहाराकडे झाला. जाड पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा, असे माझे बरेच दिवस मार खाण्यात गेले. मधूनमधून तो मला टांगून वाजवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि नाक मुरडून पुन्हा ऐरणीवर ठेवायचा. मला न्यायला आलेले बुर्गीचे आजोबा शेवटी कंटाळले.

"अरे बाबा, गाईच्या गळ्यात बांधायचीय, चर्चमध्ये नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच तर," लोहार म्हणाला. "चर्चमध्ये माणसं पेंगत असतात. गाय जागी असते."

असा माझा आवाज ठरला. त्या आवाजाचा मला अजून अभिमान आहे.

आमच्याकडे गाई सगळा उन्हाळा डोंगरावरच्या कुरणात काढतात. सप्टेंबरात गारठा वाढला की त्या खाली घरी येतात. त्या दिवशी सगळ्यात पुढच्या गाईच्या गळ्यात मला बांधतात आणि तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवतात. वर्षातला तेवढा एकच दिवस माझा असतो. तुम्हाला वाटेल, नटण्यामुरडण्याची हौस. मुळीच नाही! तो मुकुट म्हणजे निरोप असतो. उन्हाळ्यात एकही जनावर दगावलं नाही, नेली तेवढी सगळी परत आणली, तरच फुलं घालायची. एक जरी गेलं असेल, तर कळप साधा येतो आणि माझ्या तोंडात गवत कोंबतात, म्हणजे आतला लोळा हलत नाही. मग रस्त्यावरच्या कुणालाही काही विचारावं लागत नाही. माणसं दारात येऊन गप्प उभी राहतात आणि शेवटची गाय पुढे गेल्यावरच आत जातात. इतक्या वर्षांत मी अशी मुकी फार थोड्या वेळा आले. त्यातली एक वेळ सांगायलाच हा सगळा खटाटोप आहे.

बुर्गीबाईंचा फोन माझ्या खुंटीखालीच आहे. त्यामुळे जगभरातली माणसं आमच्या शहराबद्दल काय विचारतात, ते मला तोंडपाठ झालं आहे. कधी यावं आणि कुठे उतरावं, याच्यापलीकडे त्यांची गाडी जात नाही. बुर्गी कधी कुणाला गोड बोलून फसवायची नाही.

"जून सरता सरता या, डोंगर फुललेला असतो," ती सांगायची. "नोव्हेंबरात मात्र नका येऊ. धुक्यात समोरचा डोंगर दिसत नाही आणि आमची तोंडंही बघवत नाहीत."

कुणी म्हणायचं, आम्हाला खाली जुन्या गावातच राहायचंय. "राहा की! पण पहाटेपासून फरशीच्या रस्त्यावर बॅगांची चाकं खडखडतात. झोप लागली तर मला कळवा." आणि दक्षिणेकडून फ्योन वारा सुटला की अख्ख्या शहराचं डोकं दुखतं, हेही ती लपवायची नाही. "तेवढे दोन दिवस नवऱ्याशी भांडू नका," ती बजावायची, "आणि भांडलातच तर वाऱ्यावर ढकला."

असं ऐकून निम्मी माणसं फोन ठेवून द्यायची. उरलेली यायची आणि मग वर्षानुवर्षं येत राहायची.

पुढे बुर्गीचे गुडघे गेले आणि कारभार तिच्या मुलाकडे, रोमेदकडे आला. रोमेद काही वाईट नाही. त्याने गळकं छप्पर नीट केलं, माझा चामडी पट्टा तेल लावून मऊ केला. पण त्याला घर रिकामं बघवत नसे. त्याने इंटरनेटवर आमच्या घराची जाहिरात लिहिली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचली: "केव्हा यावं? सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी. कुठे राहावं? आमच्याकडेच. फुलांनी सजलेल्या गाई तुमच्या खिडकीखालून जाताना पाहायला मिळतील. हमखास!"

हमखास! माझ्या अंगाची लाही लाही झाली. हा शब्द याला कुणी दिला? विजेने दिला, की कड्याने?

त्याच वर्षी ऑगस्टात बुर्गीचा भाऊ वेन्डेल अवेळी खाली उतरला. गाई वर असताना तो कुरण सोडून कधी येत नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. टोपी गुडघ्यावर ठेवून तो बाकावर बसला.

"एन्झी गेली," तो म्हणाला. "वीज कडाडली, ती बुजली आणि सरळ कड्यावरून खाली. मी खाली उतरून जवळ बसलो. तोवर डोळे उघडे होते तिचे."

बुर्गीने सूप त्याच्यापुढे सरकवलं. एन्झी गाईचा जन्म झाला तेव्हा वासराचे पाय धरून ओढायला बुर्गीच होती.

"फार वाईट झालं, मामा," रोमेद म्हणाला. मग थोडा घुटमळला. "पण तिसऱ्या शनिवारी फुलं असतील ना?"

वेन्डेलने चमचा खाली ठेवला. "कसली फुलं?"

"घर भरलंय रे. सगळे त्याच्यासाठीच येतायत."

"येऊ देत की. गाई पायांनी येतात, फुलांनी नाही."

"एका गाईसाठी एवढं?"

"एका गाईसाठीच असतं ते!" वेन्डेल ओरडला. "मी मुकुट घालून या रस्त्याने उतरलो, तर त्याचा अर्थ काय होतो, ठाऊक आहे ना तुला? एन्झी नव्हतीच, असा होतो. आणि वेन्डेल खोटारडा आहे, असाही होतो."

"रोमेद," बुर्गी म्हणाली, "एकेकाला फोन कर आणि खरं काय ते सांग."

"काय सांगू, आई? गाय मेली म्हणून? हसतील मला."

"हसू देत. हसण्याने घर पडत नाही."

रोमेदने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे त्या दोघांना कळलं नाही. मला कळलं, कारण फोन माझ्या खाली आहे आणि त्याने तो एकदाही उचलला नाही.

तिसऱ्या शनिवारी सकाळी त्याने मला खुंटीवरून काढलं आणि गाडीत घातलं. शेजारी एक खोकं होतं. त्यात फुलं होती, प्लास्टिकची! लाल, पिवळी आणि चकचकीत. आजवर माझ्या सोबतीला ताजी फर्नची पानं आणि बुर्गीच्या हाताने बांधलेली फुलं असायची. ते खोकं बघून मला ओकारी आली असती, पण घंटेला तीही सोय नाही.

घरांच्या वरचं शेवटचं वळण आहे, तिथे रोमेद थांबला. गुराखी कळपाच्या मागे चालतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. सगळ्यात पुढे असलेली गाय, स्टेर्नी, त्याला लहानपणापासून ओळखत होती. त्याच्या हातचं मीठ चाटायला ती भाबडेपणाने थांबली आणि त्याने तेवढ्यात मुकुट चढवला, मला गळ्यात बांधलं. स्टेर्नीने मान झटकली, आणि मी वाजले. मित्रांनो, मी वाजले! ज्या आवाजासाठी लोहाराने मला इतकं घडवलं, त्या आवाजात मी डोंगराच्या तोंडावर खोटं बोलले. खाली आमच्या कुंपणाशी फोन उगारून उभ्या असलेल्या पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

वाटेतलं पहिलं घर म्हाताऱ्या थेक्लाबाईंचं. वर काहीतरी घडल्याची कुजबुज त्यांच्या कानावर आली होती, म्हणून त्या काळी शाल घेऊन दारात उभ्या होत्या. मुकुट दिसला तशा त्या हसल्या. घाईघाईने आत जाऊन पेला भरून आणला आणि कळप जाऊ देऊन मागे चालणाऱ्या वेन्डेलपुढे धरला.

"अरे वेन्डेल, मेल्यांनो, उगाच घाबरवलंत मला! सगळी आली ना सुखरूप? घे, पी. देव पावला बघ!"

वळणापलीकडून माझा आवाज ऐकूनच वेन्डेलच्या कपाळाला आठी पडली होती. आता त्याला सगळं उमगलं. त्याने पेला घेतला नाही.

"नाही, थेक्लाबाई. एन्झी गेली," तो म्हणाला, आणि गाईंमधून वाट काढत पुढे, आमच्या घरापाशी पोचलेल्या स्टेर्नीजवळ आला.

त्याने कुणाला शिवी दिली नाही. स्टेर्नीच्या डोक्यावरचा मुकुट उतरवला आणि रोमेदच्या हातात दिला. मग रस्त्याकडेचं गवत मुठीमुठीने उपटून माझ्या तोंडात ठासून भरलं. रोज प्रत्येक टिचकीला चिडणारी मी, त्या वेळी मात्र मनात म्हणत होते, अजून भर बाबा, अजून भर.

"अहो, परत घाला ना मुकुट, माझा फोटो राहिला!" एक पाहुणा ओरडला.

बुर्गी काठी टेकत दारापर्यंत आली होती. "आमची गाय मेलीय हो," ती म्हणाली.

"पण तुम्ही हमखास म्हणाला होतात!"

"हमखास इथे फक्त हिवाळा येतो."

कळप पुढे निघाला. नुसती खुरं वाजत होती. काही पाहुण्यांनी फोन खिशात घातले आणि काही तसेच धरून राहिले. रोमेद ती फुलं घेऊन मधोमध उभा होता. "मी नेऊन ठेवू का ही, एन्झी पडली तिथे?" त्याने हळूच विचारलं.

"प्लास्टिक आहे ते," वेन्डेल मागे न बघता म्हणाला. "दुसरी एखादी गाय खाईल आणि तीही मरेल."

त्या रात्री जेवताना रोमेद म्हणाला, "फ्योन सुटला होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं." बुर्गीने त्याच्या ताटात एक क्नोडल, म्हणजे पावाचा उकडलेला गोळा, वाढला आणि म्हणाली, "वारा डोकं दुखवतो रे. खोटं बोलायला सांगत नाही." पाहुण्यांपैकी कितीतरी जणांनी आमच्या घराला इंटरनेटवर नावं ठेवली. फुलं नव्हती, गाई उदास होत्या, असंही एकाने लिहिलं. ऐकून मी तडकायचीच बाकी होते.

वेन्डेलने माझ्या तोंडातलं गवत काढलं नाही आणि रोमेदनेही त्याला हात लावला नाही. वसंतात गाई वर जायच्या सुमाराला खुंटीखालचा फोन वाजला. कुणीतरी सप्टेंबरची चौकशी करत होतं. रोमेदने नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबला.

"या की," तो म्हणाला. "पण फुलं असतील की नाही, ते आत्ता नाही सांगता येणार. गाई अजून वर जायच्यात... नाही हो, हमखास नाही म्हणत मी."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मला इथवर आला. रोमेदनेही फोन ठेवला आणि खोल्या झाडायला निघून गेला. त्या पाहुण्याला मिळाली असती ती खोली त्या सप्टेंबरात रिकामी राहिली. माझ्या इतक्या वर्षांत त्या घरातली कुठली भरलेली खोली मला तेवढी आवडली नसेल.

तर मित्रांनो, आमच्याकडे जरूर या, वाटेल त्या ऋतूत या. पण कुणाच्या गावी जाताना त्यांचा आनंद आपल्या सवडीने मागू नका. आधी त्यांची माणसं आणि जनावरं बरी आहेत का, ते विचारा. आणि कधी एखाद्या सप्टेंबरात गाई फुलांवाचून उतरताना दिसल्या, माझ्या तोंडात गवत दिसलं, तर फोटो काढू नका. टोपी काढा.