एक्केचाळिसाव्या चित्रापाशी

मी एक जुना टेप ड्राइव्ह आहे, मित्रांनो. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काही उभं राहणार नाही, म्हणून आधी माझं रूप सांगतो. बुटांच्या खोक्याएवढा काळा लोखंडी डबा. पुढे कॅसेट आत जाईल एवढी फट, फटीशेजारी एक हिरवा दिवा आणि पाठीला मनगटाएवढी जाड केबल. मला पडदा नाही, काटे नाहीत. कोणी कौतुकाने पाहत राहावं असं माझ्यात काहीच नाही.

पण माझ्या पोटात जी टेप फिरते, तिच्याविषयी मात्र सांगितलंच पाहिजे. ती केसाहून पातळ आणि इतकी लांब, की आमच्या वेधशाळेच्या इमारतीला वेढे घातले तरी उरावी. तिच्यावर तपकिरी पूड बसवलेली असते आणि त्या पुडीच्या कणाकणाला चुंबकाने दिशा दिलेली असते. हा कण इकडे वळलेला, तो तिकडे. बस, एवढंच. या एवढ्याशा इकडे-तिकडे वळण्यातून तारे उभे राहतात. इतकी वर्षं मी हे काम केलं, तरी त्याचं नवल मला अजून वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी भिंगातून पाहत माझी जुळणी केली. ज्या तुकड्यावरून टेप घासत जाते त्याला हेड म्हणतात. तो बसवणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "याला धूळ लागली की हा आंधळा." ते वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं.

तिथून मी आलो तो थेट या वेधशाळेच्या तळघरात. वर टेकडीवर दुर्बीण, खाली मी. रात्रभर दुर्बीण आकाशाची चित्रं काढायची आणि सकाळी ती चित्रं एकामागून एक माझ्या टेपवर उतरायची. प्रत्येक चित्राच्या शेवटी एक खूण असायची. मित्रांनो, टेप म्हणजे एकच लांबलचक रस्ता, आणि घरं एकाच बाजूला. आडवाट नाही, गल्ली नाही. शेवटच्या घरी जायचं तर सगळ्या घरांसमोरून जावं लागतं. आणि पहिलं घर ठरलेलं असायचं. प्रत्येक टेपवरचं पहिलं चित्र, माझ्या मोजणीत शून्य क्रमांकाचं, घुमटात टांगलेल्या पांढऱ्या पडद्याचं. कॅमेऱ्यावर कुठे डाग आहे का, ते त्यावरून कळायचं.

मला चालवायला बटणं लागत नसत. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करायची आणि मी ऐकायचो. आधी 'एमटी', मग माझं नाव, मग हुकूम. 'रिवाइंड' म्हटलं की टेप गुंडाळत सुरुवातीला यायचं. 'एफएसएफ' आणि पुढे आकडा दिला की तेवढ्या खुणा ओलांडून पुढे जाऊन थांबायचं. 'स्टेटस' म्हटलं की आपण कुठे आहोत ते खरं खरं सांगायचं. पाच-सहा अक्षरांनी एवढी लांब टेप सरसर धावते आणि नेमक्या जागी केसाच्या अंतरावर थांबते. वर आकाश फिरायचं, खाली मी फिरायचो, आणि दोघांना कोणाचा हात लागत नसे.

ही अक्षरं टाइप करायची एक बाई. वेधशाळेत तिला सगळे ताई म्हणत. ती खगोलशास्त्र शिकलेली होती, पण टेपचं काम दुसऱ्या कोणाला करू देत नसे. तिची एक सवय होती. मला कुठेही हलवलं की लगेच 'स्टेटस' विचारायचं, आणि उत्तर वाचल्याशिवाय पुढचा हुकूम द्यायचा नाही. सहकारी हसायचे. म्हणायचे, "ताई, यंत्र आहे ते, पळून नाही जाणार." ताई म्हणायची, "पळून जात नाही, पण सांगितल्याशिवाय बोलतही नाही. विचारलेलं बरं."

ही सवय तिच्या घरीही पोचली होती. कोणालाही फोन लावला की कसं आहेस, जेवलास का, असं काही नाही. पहिला प्रश्न "कुठे आहेस?" तिचा भाऊ म्हणायचा, "आमची ताई आम्हाला माणसं समजत नाही, कॅसेट समजते."

तेव्हाच एक गोष्ट घडली. एका रात्रीच्या चित्रांत, एक्केचाळीस खुणांपलीकडे, ताईला काही वेगळं दिसलं. दूरच्या एका दीर्घिकेतला एक अंधुक तारा अचानक उजळला होता, कोणी राखेवर फुंकर मारावी तसा. चार दिवसांनी आभाळ मोकळं झालं तेव्हा तो पुन्हा पहिल्यासारखा. ताईने संचालकांना दाखवलं. ते म्हणाले, "तारे असे भडकून विझत नसतात. कॅमेरा बिघडला असणार." कॅसेटवर 'सदोष' असा शिक्का बसला. ताई वाद घालत बसली नाही, पण तो एक्केचाळीस आकडा तिने स्वतःच्या जन्मतारखेसारखा जपला.

पुढे दिवस पालटले. मोठ्या डिस्क आल्या. जुन्या टेपवरची सगळी चित्रं त्यांच्यावर उतरवली गेली आणि मूळ टेप रद्दीत गेल्या. सदोष कॅसेट उतरवायची कोणाला गरज वाटली नाही. ती कपाटाच्या तळाशी राहिली आणि मी त्याच कपाटाच्या माथ्यावर. माझ्या डोक्यावर कोणी चहाचे कप ठेवले, कोणी छत्री. ताई निवृत्त झाली त्या दिवशी खाली आली, माझ्यावरची छत्री उचलून बाजूला ठेवली आणि निघून गेली.

त्यानंतर किती वर्षं गेली, मला सांगता येणार नाही. बंद यंत्राला वेळ कळत नाही.

मग एका दुपारी माझा हिरवा दिवा लागला. समोर ताई उभी होती. केस पांढरे, हातात काठी. तिच्याशेजारी एक तरुण मुलगी, हुबेहूब ताईसारखं नाक. तिची भाची. ती त्याच वेधशाळेत संगणकांचं काम पाहायला लागली होती आणि तिने कुठून कुठून सुटे भाग जमवून माझी जाड केबल तिच्या नव्या संगणकाला जोडली होती.

त्यांच्या बोलण्यातून मला समजलं ते असं. त्या दूरच्या दीर्घिकेतला तो तारा फुटला होता. जगातल्या सगळ्या दुर्बिणी त्याच्याकडे वळल्या होत्या आणि सगळे एकच गोष्ट शोधत होते: मरण्याआधी या ताऱ्याने काही लक्षण दाखवलं होतं का? तो आधी एकदा भडकला होता, हे सांगू शकेल असा जगात एकच पुरावा होता. माझ्या फटीसमोर धरलेली ती सदोष कॅसेट.

"आत्या, एक सांगते," भाची म्हणाली. "टेप फार जुनी आहे. पूड सुटायला लागली आहे. प्रत्येक फेरीला थोडी झडणार. तीन-चार फेऱ्या मिळतील, जास्त नाही."

"एक पुरे आहे," ताई म्हणाली. "सरक, मला बसू दे."

पंख्यांच्या घरघरीने त्रास होतो म्हणून तिने कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. बोटं वाकली होती, पण सवय गेली नव्हती. एमटी, माझं नाव, एफएसएफ, एक्केचाळीस.

इथे तुम्हाला एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अवलंबून होतं. माझी दोन नावं आहेत. एक साधं, आणि एक त्याच्याआधी 'एन' लावलेलं. साध्या नावाने हाक मारली तर मी काम संपताच टेप गुंडाळून सुरुवातीला परत येतो. 'एन' लावून हाक मारली तर काम संपेल तिथेच थांबतो. ताईच्या जुन्या संगणकावर हे उलटं लावून ठेवलं होतं. तिथे साधं नाव म्हणजे थांब. तिने वर्षानुवर्षं मला साध्या नावानेच हाक मारली होती. आजही मारली. आणि नव्या संगणकावर त्या नावाचा अर्थ होता, परत ये.

मी गेलो. एकेक खूण ओलांडली. हेडला पूड चिकटत होती, तरी मोजणी चुकली नाही. एक्केचाळिसावी खूण आली, आणि हुकूम संपला म्हणून मी टेप गुंडाळत उलटा निघालो. ताईला ऐकू येत नव्हतं. भाचीला ऐकू आलं, पण तिने मला आयुष्यात कधी चालताना पाहिलंच नव्हतं. तिला वाटलं, हा असाच वाजत असेल.

ताईने 'वाच' म्हणून सांगितलं. मी जिथे होतो तिथलं वाचून दिलं.

पडद्यावर चित्र आलं ते कोरं पांढरं. एकही तारा नाही.

ताई पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "पुन्हा."

मी पुन्हा गेलो, पुन्हा परतलो. पुन्हा तेच पांढरं. भाचीने कॅसेट काढून माझं हेड कापसाने पुसलं. कापूस तपकिरी झाला. तो तपकिरी रंग म्हणजे आकाश होतं, मित्रांनो, कापसावर निघालेलं.

"साहेबांचंच खरं होतं म्हणायचं," ताई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "कॅमेराच बिघडला होता. मला तेव्हा दिसलं तो भासच असणार, आणि मी उगाच इतकी वर्षं मनात धरून बसले."

"असं कसं म्हणतेस?"

"मग काय म्हणू? हे बघ ना, सगळं पांढरंफटक. चल, घरी जाऊ. तुझा बाप वाट बघत असेल, त्याला नाही दम निघायचा."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, हे एक्केचाळिसावं नाही, हा तर पांढरा पडदा आहे. पण माझी रीत तुम्हाला माहीत आहे. विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. मला हलवल्यावर जी बाई विचारल्याशिवाय कधी राहिली नव्हती, ती त्या दिवशी घाईत एवढंच विसरली होती.

भाचीने कॅसेट पुन्हा आत घातली. "आत्या, तू याला विचारलंस का?"

"काय?" ताईने कान पुढे केला.

भाचीने आवाज चढवला. "कुठे आहेस म्हणून. मी अंघोळीला गेले तरी दाराबाहेरून विचारतेस. याला नाही विचारलंस."

"मीच तर नेलंय त्याला तिथे. विचारायचं काय त्यात?"

"बाबा पण हेच म्हणतात. मीच सांगितलं दुकानात चाललोय, विचारतेस काय. तरी तू विचारतेस."

ताईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग एफएसएफ एक्केचाळीस पुन्हा टाइप केलं. भाचीने कपाळाला हात लावला, कारण तीही फेऱ्या मोजत होती. पण मी थांबल्यावर या वेळी ताईने विचारलं: स्टेटस.

मित्रांनो, तो प्रश्न ऐकून मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. मी फक्त उत्तर दिलं. फाइल क्रमांक शून्य. टेपच्या सुरुवातीला.

ताईने चष्मा वर केला, खाली केला. "हा तर घरीच बसलाय," ती म्हणाली. आणि मग तिला हसू फुटलं. इतकं हसली की काठी खाली पडली. "जुन्या नावाने हाक मारतेय मी त्याला. परत ये म्हणतेय आणि परत का आलास म्हणून रडतेय."

पण हसू लवकर ओसरलं, कारण आता दोघींनाही कळत होतं की टेपमध्ये कदाचित एकच फेरी उरली आहे. ताईने पर्समधून कानातलं यंत्र काढून लावलं. एक हात माझ्या माथ्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने एकेक अक्षर दाबलं, आणि माझ्या नावाआधी 'एन' लावला.

मी निघालो. टेप आता करकरत होती. पहिला पांढरा पडदा मागे पडला. मग एकेक चित्र, एकेक खूण. हेड जवळजवळ आंधळं झालं होतं. कारखान्यातल्या बाईचं वाक्य आठवत होतं. एक्केचाळिसावी खूण मला धुक्यातून दिवा दिसावा तशी दिसली. मी थांबलो. परतलो नाही.

"कुठे आहेस?" ताई तोंडाने म्हणाली आणि मग टाइप केलं. मी सांगितलं, एक्केचाळीस.

पडद्यावर चित्र वरून खाली एकेक ओळ उमटत गेलं. आधी काळोख. मग दीर्घिकेची अंधुक वळणं, पाण्यात दूध सांडल्यासारखी. आणि एका वळणाच्या टोकाला एक ठिणगी. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा या पृथ्वीवर माणूस नव्हता. तो इथे पोचला, एका रात्री दुर्बिणीत शिरला, माझ्या टेपवरच्या पुडीला वळवून बसला आणि कपाटाच्या तळाशी गप्प राहिला. तोवर त्याचा तारा मरूनही गेला. आणि आता तो या दोघींच्या चेहऱ्यांवर पडला होता.

मग ताई म्हणाली, "भडकला होता." एवढंच.

भाचीने चित्राच्या प्रती चार ठिकाणी पाठवल्या. मग सवयीने टेप गुंडाळायला निघाली, तर ताईने तिचा हात धरला. "नको. तिथेच राहू दे त्याला."

मित्रांनो, त्यानंतर टेप हललेली नाही. आता मी तळघरात नाही, वेधशाळेच्या दाराजवळ काचेमागे आहे. माझी वीज कधी बंद करत नाहीत, कारण बंद केली तर मी माझी जागा विसरेन. काचेबाहेर एक कीबोर्ड ठेवला आहे. भाचीने तो असा लावला आहे, की त्यावरून मला पुढे नेता येत नाही, मागे आणता येत नाही. एकच हुकूम चालतो, विचारायचा. कधी कधी ताई येते, वाकलेल्या बोटांनी तो टाइप करते, उत्तर वाचते आणि मान हलवून जाते.

तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी कपाटाच्या माथ्यावर असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस असेल. त्याच्यावर चहाचा कप ठेवू नका. आणि तो चुकला, संपला, कोरा निघाला असं ठरवण्याआधी, तो कुठे आहे ते एकदा विचारा.

मला विचारलंत तर मी सांगेन. एक्केचाळीस.