धुरपताबाईचा होकार

"माय, एकदा हो म्हण. मनापासून म्हण, बस्स."

"हो म्हणलं त काय व्हते?"

"तारण व्हते. प्रभू येशू तुले आपल्यापाशी नेते."

धुरपताबाईने पेजेचा चमचा ओठांनीच मागे सारला आणि लेकीकडे पाहिले. तिच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"तुया बाप असन तिथं?"

रंगूबाईने चमचा वाटीत ठेवला. वाशीमच्या मिशन दवाखान्यात ती आया होती. ऐन तारुण्यात विधवा होऊन इथे भांडी घासायला आली, बाप्तिस्मा घेतला आणि इथलीच झाली. तेव्हापासून बायकांच्या वॉर्डात येईल तिला तिने ठणकावून सांगितले होते, की ख्रिस्ताशिवाय दुसरी वाट नाही. उपास, दानधर्म, कशानेच भागत नाही. बाया तिला 'वाटवाली बाई' म्हणून चिडवत. तिला राग येत नसे. तिचा विश्वास पक्का होता, आणि पक्का होता म्हणूनच आज तिचा जीव कासावीस झाला होता. बाप गावी, अनसिंगला, ख्रिस्ताचे नावही न ऐकता मेला होता.

"सांग ना वं. असन का?"

"मले नाई वाटत, माय."

"मंग मले कायले पाठवून राह्यली तिथं? तो तिकडं एकटा, अन् मी इकडं?"

रंगूबाईने पदर तोंडात कोंबला. खोटे बोलता आले असते तर किती सोपे झाले असते! म्हातारीला लेकीचे रडणे कधीच बघवत नसे. तिने हात रंगूबाईच्या डोक्यावर ठेवला.

"बरं बाप्पा, घेतो तुया येशूचं नाव. हे पाह्य, म्हणलं हो. आता रडू नोको."

दुपारी ती गेली.

भाऊ उकंडराव आईला भेटायला सकाळीच बैलगाडी घेऊन आला होता. आता त्याच गाडीतून तिला अनसिंगला नेऊन अग्नी द्यायचा होता. पण व्हरांड्यात चर्चचे पाळकसाहेबही येऊन उभे होते. म्हातारीने हो म्हटल्याचे त्यांना नर्सने सांगितले होते.

"तिने प्रभूला स्वीकारलं असेल तर ती आपली आहे. आपल्या कबरस्तानात तिला जागा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "रंगूबाई, ती मनापासून बोलली का? एवढंच सांग."

उकंडरावाचा चेहरा उतरला. "रंगू, तू आमाले सोडून गेली, आमी काई म्हणलं का? आता मायबी नेतं?"

रंगूबाईने एक हो म्हटले असते तर आई जवळच राहिली असती. रोज येता-जाता दिसली असती. पण जो अंतःकरण पाहतो, त्याच्यापुढे आईचे ते हो खरे म्हणून चालवायचे कसे?

"मी रडून राह्यलो व्हतो, म्हून म्हणली माय," रंगूबाई म्हणाली. "ने, दादा."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली.

गाडीत ठेवण्याआधी उकंडरावाने तांब्या पुढे केला. "लेक हायेस तिची. तोंडात पाणी घाल."

मेलेल्याच्या तोंडात पाणी घालायचे रंगूबाईने केव्हाच सोडले होते. इतर बायांना ती त्यावरून रागेही भरायची. तिने तांब्यात पदराचे टोक बुडवले आणि आईच्या ओठांवर सुकलेली पेज पुसली. वॉर्डातल्या कोणाचेही तोंड ती असेच पुसायची. उकंडरावाने तांब्या मागे घेतला.

गाडी फाटकाबाहेर पडली. रंगूबाईने सवयीने हात जोडले, डोळे मिटले.

"हे प्रभू, माह्या मायले..."

तिने डोळे उघडले. जे ठरायचे ते जिवंतपणीच ठरते, माणूस गेल्यावर त्याच्यासाठी काही मागायचे नसते, हे नव्या बायांना तीच शिकवायची. तिने हात सोडले. ओला पदर मुठीत धरून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली.