चुकांची भिंत

गणिताच्या सरांचा विनोद शाळेत प्रसिद्ध होता. तो तपासलेले पेपर वाटतानाच होत असे. पेपर उचलायचा, त्यातलं सगळ्यात चुकीचं उत्तर मोठ्याने वाचायचं आणि वर एक वाक्य टाकायचं. वर्ग खो खो हसायचा. ज्याचा पेपर तोही हसायचा. न हसून करणार काय? याने मुलांची गणिताची भीती जाते, असं सरांचं मत होतं. जाते म्हणजे नेमकी कुठे जाते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

अशा माणसाला ‘चुकांची भिंत’ या प्रयोगासाठी अनुदान मिळालं.

शिक्षकांच्या नव्या कल्पनांना छोटं अनुदान देणारी एक संस्था होती, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, प्रत्येक शिक्षकाला अर्ज करायला लावला होता. सरांनी लिहिलं, वर्गात एक फलक असेल. मूल आपली चूक चिठ्ठीवर लिहून आपण होऊन तिथे लावेल आणि ती कशी झाली हे सगळे मिळून शोधतील. ‘चुकीला प्रतिष्ठा’ हे शब्द लिहिताना त्यांना स्वतःलाच भरून आलं. संस्थेलाही आलं असावं. फलक आला, त्यावर निळं कापड आलं, रंगीत टाचण्या आल्या, वर एक छोटासा दिवासुद्धा आला. फक्त चुका आल्या नाहीत.

“अरे, लाजता कशाला?” सर म्हणायचे. “मी काय खातोय तुम्हाला?”

मुलं फलकाकडे बघायची, मग सरांकडे बघायची आणि मग वहीत डोकं घालायची. सत्र संपत आलं तरी दिवा रिकाम्या कापडावर उजेड पाडत होता. तेवढ्यात कळलं, संस्थेच्या ताई प्रयोग बघायला येणार आहेत.

त्या संध्याकाळी सर जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरून बसले. त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा द्यायचं काम करायची. दुखणारी माणसं दिवसभर ऐकून तिला एक कोरडेपणा आला होता.

“अहो, काय करताय?”

“चुका.”

“तुम्हाला त्यासाठी असं बसायला लागतं?”

तिने एक चिठ्ठी उचलून वाचली. “ही मुलाची चूक नाही हो. हुशार माणसाने मुद्दाम केलीय, लगेच कळतंय. खऱ्या नाहीत का तुमच्याकडे? जेवताना रोज तर ऐकवता.”

हे मात्र खरं होतं. सरांना मुलांच्या चुका तोंडपाठ होत्या, कारण त्यांना स्वतःची वाक्यं तोंडपाठ होती. एकेक वाक्य आठवत गेलं तशी त्याच्या खालची चूक सापडत गेली. त्यातलं सर्वोत्तम होतं ‘रेडिओ’वरचं. रेडिओ म्हणजे वर्गातली एक मुलगी. सतत बडबडायची म्हणून मुलांनीच ते नाव ठेवलं होतं. तिने अर्ध्याला अर्ध्याने भागून पाव असं उत्तर लिहिलं होतं. सर म्हणाले होते, “बाईसाहेब, तुमच्या घरात वाटणी झाली की उरलेलं जातं तरी कुठे?” वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गावरचे शिक्षक डोकावून गेले. त्यानंतर रेडिओ बंद पडला तो पडलाच. वर्गाला शिस्त लागली म्हणून सरांनी शिक्षकांच्या खोलीत त्याचं श्रेयही घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी चुका वाटल्या. कुणाला वाईट वाटू नये म्हणून ज्याची त्याला न देता दुसऱ्याला दिली, आपापल्या अक्षरात उतरवून घेतली आणि तालीमही केली. रेडिओची चूक मॉनिटरच्या वाट्याला आली.

ताई साध्याच निघाल्या. पाठीवरची पिशवी काढून शेवटच्या बाकावर मुलांशेजारी बसल्या. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या. ताईंनी उठून भिंत शांतपणे वाचली आणि एका चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“ही कुणाची?”

मॉनिटर ताठ उभा राहिला. “माझी. मला माझ्या चुकीचा अभिमान आहे.”

“छान. पाव का वाटलं रे तुला?”

तालमीत हा प्रश्न नव्हता. मॉनिटरने सरांकडे पाहिलं. सरांनी दिव्याकडे पाहिलं.

“मला... मला नाही वाटलं,” मॉनिटर म्हणाला. “मला येतं ते.”

“मग कुणाला वाटलं?”

मधल्या रांगेत बाक करकरला. रेडिओ उभी राहिली होती.

“मला. भाग करायचे म्हटलं की कमीच होणार, असं वाटलं. आमच्याकडे तसंच झालं ना. आई-बाबा वेगळे राहायला लागले, तर मी अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोन्हीकडे सगळं कमीच असतं. अर्ध्यात अर्धं किती वेळा बसतं असं विचारलं होतं, ते नंतर कळलं. एकदा बसतं.”

त्या दिवशीचं हसू एवढं मोठं का होतं, हे सरांना आत्ता कळलं. वर्गाला तिच्या घरचं ठाऊक होतं. सरांना वाटलं होतं, वाक्य जमलं.

“किती नीट सांगितलंस,” ताई म्हणाल्या. “आणि पाव लिहिलंस तेव्हा सर काय म्हणाले?”

सगळा वर्ग सरांकडे वळला. रेडिओने त्यांच्याकडे बघितलं, सवयीने नव्हे, जरा निरखूनच.

“सर म्हणाले, थांब, कुठे चुकलं ते बघू या.”

“हो का, सर?” ताईंनी विचारलं.

दाराशी मोठ्या बाईंची मान आधीच अभिमानाने डोलत होती. ‘नाही’ म्हणायला काहीच लागत नाही. हाच माणूस वर्गात तो शब्द दिवसभर वापरत असे.

“हो,” सर म्हणाले. “तसंच काहीसं.”

‘काहीसं’ त्यांनी प्रामाणिकपणा म्हणून घातलं होतं.

टाळ्या झाल्या. ताई गेल्यावर सरांनी रेडिओला व्हरांड्यात गाठलं.

“खोटं का सांगितलंस गं?”

“सर, त्या पाहुण्या होत्या ना. खरं सांगितलं असतं तर तुम्हाला सगळे हसले असते.” तिने हे असं सांगितलं, जणू पुढे खड्डा आहे, जपून जा.

आता काय बोलायचं हे सरांना नक्की ठाऊक होतं. दोनच शब्द होते. ते घशापर्यंत आले, तिथे थोडे थांबले आणि परत गेले.

“डबा खाल्लास का?” सरांनी विचारलं.

“अजून सुट्टी नाही झाली, सर.”

“बरं. जा मग.”

दुसऱ्या दिवशी पहिला तास त्यांचाच होता. मागच्या रांगेतल्या एकाला त्यांनी फळ्यापाशी बोलावलं. त्याने अपूर्णांकांची बेरीज करताना वरचे आकडे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत मिळवले आणि समाधानाने मागे सरकला. वर्ग सावरून बसला. सरांच्या जिभेवर वाक्य आलंच. चांगलं होतं, त्यांच्या उत्तमांपैकी होतं. ते त्यांनी गिळलं.

“थांब,” ते म्हणाले, “कुठे चुकलं ते बघू या.”

वर्ग एकदम फुटला. बाक बडवून हसला. मॉनिटर तर पोट धरून वाकला. सरांचा एवढा मोठा विनोद आजवर झाला नव्हता.

रेडिओ तेवढी हसत नव्हती. ती काळजीने सरांकडे बघत होती.

सरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. खडू हातात तसाच धरून, मान खाली घालून ते हसणं थांबायची वाट बघत उभे राहिले. ते लवकर थांबेना.