सुईचं नेढं

"हा लावून बघ, माय," असं म्हणत ग्यानोबानं भिकाबाईच्या नाकावर चौथा चष्मा चढवला आणि त्याच्या बायकोनं, चांगुणेनं, तिच्या हातात सुई-दोरा दिला.

तांड्यावरची भिकाबाई सुई उजेडाकडं धरून तोंड वाकडं करत राहिली. दोरा एकदा नेढ्याच्या इकडून गेला, एकदा तिकडून. शेवटी आरपार आला तशी ती हसली. "दिसून राहिलं, भाऊ. आता नातीच्या घागऱ्याला आरसे टाकीन."

शिरड शहापूरच्या बाजारात ग्यानोबाची डोळे तपासायची हीच रीत. तक्ता नाही, यंत्र नाही. पोत्यावर चष्म्यांच्या रांगा, वर कललेली छत्री आणि शेजारी सुई घेऊन बायको. ज्याला दोरा ओवता आला त्याचा नंबर बराबर. तरुणपणी तो हिंगोलीत एका उस्तादाकडं काचा घासायला होता. उस्ताद म्हणायचे, काच म्हणजे वाळूच. विस्तवातून गेली म्हणून तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं. हे ऐकून नवी नवरी चांगुणा म्हणाली होती, "मंग पूर्णेची वाळूच डोळ्याला बांधते की. तुमचा चष्मा कशाला?" आता सगळा माल प्लॅस्टिकचा, तयार यायचा. खरी काच ओळखायला ग्यानोबा अजून भिंग गालाला लावून बघायचा. गार लागलं तर काच. चांगुणेच्या चष्म्याची काच मात्र तो अजूनही स्वतःच्या हातानं घासायचा. बाकी काही हौस पुरवली नव्हती, तेवढी तरी.

भिकाबाई गेली आणि चांगुणा चहा आणायला उठली. वळताना तिचा पाय सरळ डाव्या अंगाच्या चष्म्यांवर पडला. दोन-तीन काड्या कडकड मोडल्या.

"अगं, आंधळी हाईस का?" ग्यानोबा खेकसला.

शेजारी मिरच्या तोलणारा पुंजाजी म्हणाला, "चष्मेवाल्याची बायको अन् चष्म्यावरच पाय. दिव्याखाली अंधार म्हन्तात ते हेच."

"इथं होते व्हय? मला दिसलेच न्हाईत," चांगुणा म्हणाली आणि खाली बसून तुकडे गोळा करायला लागली.

वर्षभर हेच चाललं होतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, भरला हंडा पायानं लवंडायचा, रस्त्यात मोटारसायकलवाले शिव्या घालायचे. ग्यानोबा तिला वेंधळी म्हणायचा, मग हळहळायचा आणि नवा नंबर घासून द्यायचा. सुई दिली की ती पहिल्या झटक्यात ओवायची. "बघ, नजर साफ हाय. ध्यान न्हाई तुझं," असं तो म्हणायचा आणि तिलाही ते पटायचं. बाईमाणसाचं ध्यान हजार ठिकाणी असतंच.

तुकडे वेचायला ग्यानोबा तिच्या बाजूला जाऊन बसला. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. चांगुणा समोर बघत म्हणाली, "अवो, कुठं गेलात तुमी?"

त्यानं तिच्या कानाजवळ हात हलवला. तिची पापणी लवली नाही. ग्यानोबानं तसंच पोतं गुंडाळलं.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी चांगुणेला एका पांढऱ्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत बारका उजेड दिसला की बटण दाबायचं. ग्यानोबा बाजूला उभा राहून तिच्या अंगठ्याकडं बघत होता. अंगठा कितीतरी वेळ नुसताच बटणावर टेकून होता.

"काचबिंदू आहे, काका. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत गेलीय. कडेची नजर आधी जाते, मधली राहते."

"मधली म्हंजी... सुई?"

"सुई त्या शेवटपर्यंत ओवतील."

"नंबर वाढवून द्या, मॅडम. म्या स्वतः घासतो. काचच देतो, पिलास्टिक न्हाई."

"गेलेली नजर कुठल्याच भिंगानं परत येत नाही. आहे ती टिकवायला थेंब देते. रोज, न चुकता घालायचे."

"टिकंल ना?"

बाईंनी थेंबांची चिठ्ठी पुढं सरकवली. "प्रयत्न करू, काका."

परतताना एसटीत त्यानं तिला खिडकीशी बसवलं. "वर्षभर तुला वेंधळी म्हनत आलो," तो म्हणाला.

"मग? आता दुसरं काय म्हननार तुमी?" चांगुणा म्हणाली आणि त्याचा गुडघा चाचपून त्यावर हात ठेवला.

तरी घरी आल्यावर त्यानं भिंगांची पेटी उघडलीच. एकेक भिंग तिच्या डोळ्यासमोर धरायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या कानाकडून हळूहळू पुढं आणायचा. "आलं?" "न्हाई." "आता?" "न्हाई." उस्तादाची जुनी जाड भिंगंसुद्धा काढून झाली. चांगुणा अवघडून गेली, पण त्याचं मन मोडू नये म्हणून बसून राहिली. शेवटी तिनंच पेटीचं झाकण लावलं. "असू द्या आता. बोट म्होरं आलं की दिसतंय ना?"

पेटी मांडीवर घेऊन तो रडला. आयुष्यभर लोकांच्या नाकावर काचा चढवल्या आणि घरच्या माणसाच्या कामाला त्यातली एक येईना.

पुढच्या बाजारात ग्यानोबानं पोतं अंथरलं, चांगुणेला छत्रीखाली बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी न बसता पोत्याच्या अलीकडं, रस्त्याकडं पाठ करून बसला. गिऱ्हाइकानं सुई ओवली तरी आता तो सोडत नव्हता, कानांच्या बाजूनं दोन्ही बोटं पुढं आणून विचारायचा, "आलं?" लोकांना गंमत वाटायची.

"काहून उलटा बसून राहिला?" पुंजाजीनं विचारलं. "गिऱ्हाइकानं तोंड बघावं का पाठ?"

ग्यानोबानं छत्री चांगुणेच्या अंगाला अजून कलवली. ऊन त्याच्या मानेवर आलं होतं.

"अवो, उन्हात काहून बसलात?" चांगुणा म्हणाली. "इकडं या ना, माझ्या बाजूला."

"हितंच बरं हाय."

"मंग जरा सरका. अर्धेच दिसून राहिलात."

ग्यानोबा पोत्याला धरून वीतभर सरकला. "आता?"

"आता बराबर."

तिनं सुई-दोरा नव्या गिऱ्हाइकासाठी पुढं धरला. गिऱ्हाईक तिच्या दुसऱ्याच अंगाला उभं होतं. ग्यानोबानं तिचं मनगट धरून हलकेच तिकडं वळवलं.